कोरी कॉलर

सर लग्नाची पत्रिका खालून वाचायचे. आधी 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली, मग प्रेषक, मग व्यवस्थापक, मग मामेमंडळींची रांग आणि वेळ उरलाच तर नवरानवरी. एकदा ते नवरानवरीपर्यंत पोचलेच नाहीत. पत्रिका घडी करून खिशात टाकली, दिसला त्या मंडपात शिरले आणि भलत्याच लग्नात पोटभर जेवून आले. आम्ही हसलो तर उलट आम्हालाच म्हणाले, "नवरा कोन होता थे मले काय मालूम? पानी वाढनारा पोट्टा मस्त होता. त्याचं नाव विचारा, सांगतो."

राळेगावच्या चौकात वाढदिवसाचं नवं फ्लेक्स लागलं की सरांची सायकल थांबलीच म्हणून समजा. वरच्या अगडबंब फोटोकडे ते ढुंकूनही पाहत नसत. तळाला तिकिटाएवढे फोटो असतात ना, त्यांच्या खालची पदं मोठ्यानं वाचायचे. सहउपाध्यक्ष. उपसंघटक. प्रभाग सहसमन्वयक. फोटोतला एखादा पोरगा शेजारच्या पानठेल्यावरच सापडायचा. त्याला हाक मारून सर विचारत, "सहउपाध्यक्ष म्हनजे काय करतं रे तू?" पोरगा लाजून म्हणायचा, "काही नाही सर. फोटो येते." एवढ्या उत्तरावर सरांचा दिवस चांगला जायचा.

"वरचा सगळ्यायलेच मालूम असते," ते म्हणत. "वाचाचं तर खालून वाचा."

मी त्यांच्या हाताखाली बारावीला इतिहास शिकले. शिकले म्हणजे जर्मनी शिकले, बाकीचा इतिहास माझा मीच वाचला. पुस्तकात तो धडा दीड पानाचा. सरांनी हुकूमशहाला एका तासात गुंडाळलं, मिशीसकट, आणि मग दिवाळीपर्यंत आम्हाला तपकिरी शर्टवाल्यांच्यात नेऊन बसवलं. नाझी पक्षाचं हे खासगी दल. पोलीस नव्हे, पलटण नव्हे. रस्त्यावर मिरवणारं, दुकानांच्या काचा फोडणारं आणि लोकांची दारं वाजवणारं. सरांनी फळ्यावर चार चौकोन काढले. म्हणाले, या डाव्या कॉलरवरच्या चार काळ्या पट्ट्या, यात सगळा इतिहास आला.

पहिला चौकोन कोरा. "हा सगळ्यात खालचा. याले नुसतं 'मान' म्हनत. मान म्हनजे मानूस. बाकी काही नाही." दुसऱ्यावर एक चंदेरी रेघ, तो श्टुर्ममान. तिसऱ्यावर दोन रेघा, तो रोटनफ्यूरर. चौथ्यावर एक चांदणी, तो शारफ्यूरर. त्याच्या वरचे कोण, हे आम्ही विचारलं तर सर फळा पुसायला लागत. आम्ही ती नावं इतकी घोकली की कापसाच्या गाडीवर बसलेली आमची पोरं एकमेकांना रोटनफ्यूरर म्हणून हाका मारत. शेवटी पालकांची तक्रार गेली. प्राचार्यांनी सरांना बोलावून समजावलं की हे परीक्षेत येत नाही.

सर वर्गात आले आणि म्हणाले, "प्राचार्य म्हनते हे परीक्षेत येत नाही. बरोबर हाय. हे परीक्षेत नाही येत, घरी येते. दार वाजवून येते." आणि पुन्हा चार चौकोन काढायला लागले.

हा माणूस तऱ्हेवाईक होता, यात वादच नाही. इस्त्रीचा सफारी, पण पायात टायरच्या चपला. गणवेश दिसला की त्यांचे डोळे सरळ खांद्यावर नाही तर कॉलरवर जायचे. आमच्या राळेगाव-यवतमाळ गाडीचा एक कंडक्टर होता. सर चढले रे चढले की त्याच्या छातीवरचा बिल्ला तपासत. "तोच हाय का? नवीन काही नाही देलं? कोनं देते हे? पगार वाढते का यानं?" कंडक्टर बिचारा पुढच्या दाराकडून तिकिटं फाडायला सुरुवात करायचा, सरांपर्यंत यायला नको म्हणून.

शिक्षण संपलं, मी राळेगावातच एका कृषी केंद्राच्या काउंटरवर बसायला लागले. बियाणं, खत, फवारणीचं औषध आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या, हे माझं खातं. पण सरांची नाटकमंडळी काही सुटली नाही. सर दरवर्षी यवतमाळच्या हौशी नाटकांच्या स्पर्धेत आम्हाला उतरवत आणि दरवर्षी आम्हाला 'उत्तेजनार्थ' मिळे. त्या प्रमाणपत्रांनी स्टाफरूमचं एक कपाट भरलं होतं. पहिला नंबर आला तर नाटक नागपूरला जातं, हे आम्हाला फक्त ऐकून माहीत होतं.

मी सांगते आहे ते सरांचं शेवटचं वर्ष. मे महिन्यात ते रिटायर होणार होते आणि त्यांच्या मागे राळेगावात नाटक करायला कोणी उभं राहणार नाही, हे सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं. सरांनाही. त्यांनी त्या वर्षी स्वतःच नाटक लिहिलं. कशावर, ते सांगायला नको.

गोष्ट साधी होती. जर्मनीतलं एक छोटं गाव, तिथं पाव भाजणारी एक काकू. शेजारचं एक बेकार पोरगं तिच्या हातचा पाव खात वाढलेलं. ते तपकिरी शर्टवाल्यांत जातं. कॉलर कोरी. त्याला एक रेघ हवी असते, फक्त एक. त्या रेघेसाठी ते आधी घोषणा देतं, मग काचा फोडतं आणि शेवटी काकूचंच दार वाजवायला येतं. आतून काकू विचारते, "कोण आहे?" ते म्हणतं, "मी आहे, काकू." पडदा.

चांदणीवाला शारफ्यूरर झाला होता आमच्या कृषी केंद्राचा मालक. म्हणजे दिवसभर दुकानात तोच साहेब आणि संध्याकाळी तालमीतही तोच साहेब. कोऱ्या कॉलरचं पोरगं करणारा होता एक गुणी नट, पण ऐन तालमीत त्याची पोलीस भरतीत निवड झाली. तो पेढे घेऊन आला. सरांनी पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारलं, "कॉलरवर काय देते रे तिथी?"

"सध्या तर काही नाही सर."

"मंग रोल पाठच हाय तुले," असं म्हणून सरांनी पेढा खाल्ला आणि तो गेल्यावर भिंतीला टेकून बसले. दुसरं पोरगं मिळेना. सोयाबीन निघत होतं, कापूस फुटत होता, कोण येणार. सरांनी एकेकाकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"केस टोपीत बसतीन का तुये?"

अशी मी जर्मन पोरगा झाले. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते कॉलरचं. मी सरांना म्हटलं, "सर, दुकानात बी मी सगळ्यायच्या खाली आन् इथी बी कोरी. एखांदी पट्टी द्या ना. एका पट्टीनं तुमचं काय जाते?"

सर खुशीत टाळी वाजवून म्हणाले, "हेच! अस्संच म्हन शेवटच्या प्रवेशात!" आणि पट्टी काही दिली नाही.

कपड्यांसाठी जुने खाकी शर्ट मिळतात का ते पाहायला आम्ही दोघं लोहाऱ्याच्या एमआयडीसीत गेलो होतो. एका कारखान्याच्या गेटवर एक बुजुर्ग वॉचमन बसला होता. सर शर्टाचं विसरले. "हे खांद्यावर नवीन दिसते," ते म्हणाले.

"हाव सर. दिवाळीले देलं."

"मंग पगार वाढला असंन."

"नाही ना सर. पगार नाही वाढला. पट्टी वाढली."

वॉचमनला मिठी मारायचं तेवढं बाकी ठेवलं सरांनी. परतीच्या गाडीत स्वतःशीच म्हणत होते, पगार नाही वाढला, पट्टी वाढली. शर्ट शेवटी राळेगावच्या टेलरकडून पडद्याच्या कापडाचे शिवून घेतले.

पण माझं एका गोष्टीवर अडलं होतं. शेवटचं वाक्य फार लहान होतं. एवढं मोठं नाटक आणि शेवटी नुसतं "मी आहे, काकू"? मी सरांना म्हटलं, काहीतरी जोरदार द्या, टाळी यायला हवी. सगळे चहाला गेले होते. सर खुर्चीत बसले आणि चपला काढून पाय वर घेतले.

"कॉलेजात मी छात्रसेनेत होतो," ते म्हणाले. "सगळ्यायच्या बाहीवर काही ना काही आलं. मायी बाही कोरी. एक दोस्त होता माया, एका ताटात जेवत होतो आमी. क्याम्पात एक दिवस थो गुपचूप जत्रेले गेला. रेवड्या आनल्या मायासाठी. मी त्या खाल्ल्या आन् साहेबाले जाऊन सांगतलं."

"मंग?"

"त्याचं नाव कटलं. पलटनीत जाचं होतं त्याले, थे राह्यलं. मले वाटलं आता मले पट्टी भेटन." सरांनी आपल्या सफारीच्या बाहीकडे पाहिलं. "नाही भेटली. साहेबानं इचारलं होतं, कोनं सांगतलं? मी म्हनलो, मी. तेवढंच वाक्य होतं मायं. म्हून नाटकात बी तेवढंच हाय."

मी पुन्हा कधी वाक्य वाढवून मागितलं नाही. इतकी वर्षं आम्ही त्या चार चौकोनांना हसत होतो, आणि पहिल्या चौकोनात सर स्वतः बसलेले होते. त्या दिवसापासून मला हे नाटक जिंकायचं होतं. माझ्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी.

आता कॉलरपट्ट्या. मशीनची एम्ब्रॉयडरी सरांना चालेना. रेघ जाड झाली, रेघ तिरपी आली, चांदणी फुगली. टेलरनं हात जोडले. तेव्हा मीच सरांना याडीकडे नेलं. याडी म्हणजे गावाबाहेरच्या तांड्यातली बंजारा म्हातारी. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई, पण तिला सगळं राळेगावच याडी म्हणायचं. बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानासमोर आरशाच्या पिशव्या न् बटवे घेऊन बसायची. तिच्या लग्नातल्या घागऱ्यावरचे आरसे अजून जागचे हलले नव्हते, इतका तिचा टाका पक्का.

सरांनी तिच्यापुढे कागदाचे चार तुकडे मांडले. याच्यावर चांदणी, याच्यावर दोन रेघा, याच्यावर एक. याडी मान डोलवत होती. चौथा तुकडा तिनं उलटून पाहिला.

"याच्यावर काय?"

"काही नाही."

"काहून काही नाही?"

"हा सगळ्यात खालचा मानूस हाय. नियम हाय तसा."

"कोनाचा नियम?"

"जर्मनीचा."

याडी "हं" म्हणाली. सरांना वाटलं, पटलं.

तिच्या लेकीच्या घरी फुलसावंगीला कार्यक्रम होता, म्हणून ती पट्ट्या घेऊन तिकडे गेली आणि निरोप ठेवून गेली की स्पर्धेच्या दिवशी मी परस्पर यवतमाळला आणून देते. सरांच्या जिवाची घालमेल आम्ही आठवडाभर पाहिली. रोज विचारायचे, "रेघ सरळ असंन ना?"

स्पर्धेच्या दिवशी दुपारी नाट्यगृहाच्या मागच्या दारात याडी उतरली. फडक्यात गुंडाळलेल्या पट्ट्या तिनं सरांच्या हातात दिल्या. चांदणी बघून सरांचा चेहरा खुलला. दोन रेघा बघून आणखी खुलला. एक रेघ त्यांनी बोटानं चाचपून पाहिली, म्हणाले, "वा." मग त्यांनी चौथी पट्टी उचलली आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

कोऱ्या पट्टीवर मधोमध एक आरसा होता. रुपयाएवढा, गोल, भोवती लाल-पिवळ्या दोऱ्याचं नेटकं कुंपण. चारही पट्ट्यांत सगळ्यात देखणी तीच होती.

"हे काय केलं याडी?" सरांचा आवाज फुटला. "हा कोरा होता!"

"कोराच होता ना," याडी म्हणाली. "म्हून तर लावला. सगळ्यायले तुमी काही ना काही देलं, मास्तर. या एकाच पोराले काहीच नाही? मले बरं नाही वाटलं. दोरा मायाजोळचाच हाय."

सरांनी ब्लेड आणायला लावलं. टाका निघेना. ब्लेड जोरात ओढलं तर कापडच उसवायला लागलं. तिकडे शर्टावर शिवायला एवढाच तुकडा, दुसरं काळं कापड नाही, आणि आमच्या आधीचं नाटक शेवटच्या प्रवेशात आलेलं. सर घामाघूम झाले होते. "परीक्षक हसतीन," ते म्हणत होते. "एवढं सगळं बरोबर केलं न् सगळ्यात खालच्यावर येऊन चुकलो. खालच्यावरच!" याडी भिंतीशी बसली होती. आपलं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं, पण चुकलं एवढं कळलं होतं, आणि तिनं पदर तोंडाला लावला होता. मला दोघांचंही वाईट वाटत होतं आणि दोघांचाही राग येत होता.

शेवटी सर माझ्याजवळ आले. "हनुवटी खाली ठेव. पूर्न नाटक. आरसा कोनाले दिसला नाही पाहिजे."

मी हनुवटी छातीला टेकवून पूर्ण नाटक केलं. मान आखडली. पण एक गंमत झाली. तालमीत सर महिनाभर ओरडत होते की तू फार ताठ चालतेस, कृषी केंद्रात उधारी मागायला निघाल्यासारखी. त्या दिवशी मी आपोआप दबलेली दिसले. शारफ्यूरर ओरडला की मी आणखी खाली बघायची. सरांनी नाटकात घुसवलेलं वॉचमनचं वाक्य आलं, "पगार नाही वाढला, पट्टी वाढली," आणि हॉल हसला, पण ते हसू मधेच थांबलं. मला कळलं की लोक आपल्याबरोबर आहेत.

मग शेवटचा प्रवेश. रंगमंचावर अंधार, फक्त एक दार आणि माझ्यावर एक झोत. मी दार वाजवलं. आतून काकू म्हणाली, "कोण आहे?" आता मला प्रेक्षकांकडे वळायचं होतं आणि बोलायचं होतं. हनुवटी छातीला टेकवून ते वाक्य निघेना. माझ्या डोळ्यांपुढे रेवड्या खाणारे सर आले. मी मान वर केली.

झोत आरशावर पडला आणि उजेडाचा एक गोल कवडसा सरळ प्रेक्षकांत गेला. तिसऱ्या रांगेतल्या एका माणसाच्या तोंडावर तो बसला. त्यानं हात आडवा धरला. मी घाबरून थोडी वळले, तर कवडसा शेजारच्या बाईवर गेला. तेव्हा मला काय सुचलं कोण जाणे. मी वळतच राहिले, अगदी हळू. कवडसा एकेका चेहऱ्यावरून फिरत गेला. परीक्षकांच्या टेबलावरून, मागच्या रांगांवरून, दाराशी उभ्या असलेल्या लोकांवरून. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. मग मी म्हटलं, "मी आहे, काकू."

पडदा पडला आणि पहिले काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, संपलं, आपण सरांचं शेवटचं नाटक बुडवलं. आणि मग टाळ्या सुरू झाल्या. आमच्या मालकानं, शारफ्यूररनं, मला विंगेत उचलून घेतलं. आजही तो आवाज आठवला की खताची पोती मोजता मोजता मला हसू फुटतं. एवढा आनंद मला माझ्या बारावीच्या निकालानंही दिला नव्हता.

निकाल त्याच संध्याकाळी होता. आधी एका परीक्षकांनी भाषण केलं. आमच्या नाटकावर आले आणि म्हणाले, "सगळ्यात खालच्या पायरीवरच्या, नाव नसलेल्या माणसाच्या कॉलरवर आरसा लावायचा आणि 'मी' म्हणताना तो आपल्या सगळ्यांवर फिरवायचा, ही दिग्दर्शकाची कल्पना मी विसरणार नाही." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी हळूच सरांकडे पाहिलं. ते उठून उभे राहत होते.

"सर, बसा," मी त्यांची बाही ओढली. "निकाल वाचाचा हाय अजून. बसा ना."

"माफ करा," सर मोठ्यानं म्हणाले. सगळा हॉल वळला. "थे कल्पना मायी नाही. थे चूक हाय. त्या दलात खालच्या मानसाची कॉलर कोरी राहे. आरसा कोनालेच नव्हता. मी तर थो ब्लेडनं काढत होतो, निघाला नाही म्हून राह्यला."

आमच्या मंडळींनी कपाळाला हात लावले. मालक पुटपुटला, "गेलं नागपूर." परीक्षक गोंधळून गेले होते. "मग आरसा लावला कोणी?" त्यांनी विचारलं.

सरांनी मागे पाहिलं. याडी शेवटच्या रांगेत गाडीची वेळ होईपर्यंत बसली होती. सर स्वतः मागे गेले आणि तिचा हात धरून तिला पुढे घेऊन आले. परीक्षकांनी माइक तिच्यापुढे धरला. ती माइकला नाही, सरांना म्हणाली, "सांगतलं ना मास्तर तुमाले. सगळ्यायले काही ना काही होतं. याच पोराले काही नव्हतं."

 परीक्षकांनी निकालाचा कागद उचलला. निकाल नेहमीसारखा खालून वाचला गेला. उत्तेजनार्थ म्हणून दुसऱ्याच गावाचं नाव आलं, आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं, कारण ती आमची ठरलेली जागा होती. तिसरा आला, आम्ही नाही. दुसरा आला, आम्ही नाही. सरांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांना वाटलं, आपण तोंडानं बोलून सगळं घालवलं.

"प्रथम क्रमांक," परीक्षक म्हणाले, "राळेगाव. त्या चुकीसकट."

पुढचं मला नीट आठवत नाही. कोणी शिट्ट्या वाजवत होतं, अंगणवाडीत काम करणारी आमची नाटकातली काकू रडत होती, मालक मला 'साहेब, साहेब' म्हणत होता. सर ढाल घ्यायला गेलेच नाहीत. त्यांनी याडीला पुढे केलं. तिनं ढाल दोन्ही हातांनी धरली, उलटून पाहिली आणि विचारलं, "याच्यावर बी काही लावाचं हाय का?" हॉल असा हसला की बाहेर रिक्षावाले आत डोकावले.

स्टँडवर राळेगावची गाडी लागायला वेळ होता. याडी बाकावर सरांशेजारी बसली होती. बराच वेळ ती सरांच्या सफारीकडे बघत होती. बाही बघितली, खिसा बघितला, कॉलर बघितली.

"मास्तर, तुमचं बी कोरंच हाय की."

 सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. याडीनं कमरेच्या बटव्यातून सुईदोरा काढला, एक आरसा काढला आणि तिथंच त्यांच्या खिशावर शिवायला बसली. रेघ एका दोऱ्यानं जाड झाली तर टेलरला दुकान बंद करायला लावणारा हा माणूस, छाती पुढे करून, हात खाली सोडून, श्वाससुद्धा बेतानं घेत बसून राहिला. दोरा लाल होता आणि सफारी राखाडी.  याडीनं दाताखाली दोरा तोडला आणि सर उठून उभे राहिले.

गाडी लागली. कंडक्टर नेमका तोच, बिल्लावाला. सरांना पाहून तो सवयीनं पुढच्या दाराकडे निघाला होता, पण आतल्या ट्यूबलाइटचा उजेड सरांच्या खिशावरून उडून त्याच्या डोळ्यांत गेला. तो थांबला. जवळ आला. इतक्या वर्षांची परतफेड करायची संधी त्यानं सोडली नाही.

"हे नवीन दिसते, सर. कोनं देलं?"

"या बाईनं," सर म्हणाले आणि याडीला खिडकीची जागा दिली.

"मंग पगार वाढला असंन?"

सर खदखदून हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी खिशावरून तळहात फिरवला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "नाही बे! पट्टी वाढली!"

मग त्यांनी राळेगावची तिकिटं मागितली, याडीचं सगळ्यात आधी.